बांध माझा, उतार सगळ्यांचा



मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेला की आपण सगळे ओढ्याच्या काठावर जाऊन उभे राहतो. ओढा दुथडी भरून चाललेला असतो. माळाकडून येणारे पाणी तांबडे, काळ्या रानातले काळपट. पोरे नाचतात, म्हातारी माणसे म्हणतात, यंदा ओढा लवकर आला. आपल्यालाही बरे वाटते. पण त्या पाण्याला रंग कशाचा, हे त्या वेळी कोणी विचारत नाही. तो रंग आपल्या रानाचा असतो. वर्षानुवर्षे शेणखत घालून, कुळवून, वेचून जी वरची माती आपण कसाला आणली, ती आपल्या डोळ्यांसमोर गावाबाहेर चाललेली असते, आणि आपण काठावर उभे राहून तिला निरोप देत असतो.

जाते कुठे? नाशिक, बीड, परभणी, नांदेड या बाजूचा ओढा असेल तर तो बहुधा कुठल्या तरी नदीला मिळून गोदावरीत जातो, आणि गोदावरी तेलंगण-आंध्रातून पूर्वेच्या समुद्राला. वाटेत धरण असेल तर बरीच माती तिथे बसते आणि धरण उथळ होते. उरलेली समुद्रात.

जरा हिशेब मांडू. एक एकर रानावरून फक्त एक मिलिमीटर माती निघाली, म्हणजे पोस्टकार्ड तीन-चार एकावर एक ठेवावीत तेवढा थर, तर ती भरते सुमारे पाच टन. बैलगाडीत सात-साडेसात क्विंटल धरले तर सात गाड्या! रात्री कोणी येऊन तुमच्या रानातून सात गाड्या माती भरून नेऊ लागला तर तुम्ही काठी घेऊन धावाल. पाऊस नेतो तेव्हा मात्र काहीच गेल्यासारखे दिसत नाही, कारण तो साऱ्या रानावरून सारखी, सायीसारखी काढून नेतो. घळ पडली तर डोळ्यांना दिसते. साय गेलेली दिसत नाही.

ही सायीची चोरी एका माणसाने नीट ओळखली, ती एका अख्ख्या देशाला पटवून दिली आणि तिच्याविरुद्ध देशभराचे काम उभे केले. त्याची हकिकत आज सांगायची आहे. माणूस आपल्याकडचा नव्हे, अमेरिकेतला आहे. पण शेतकऱ्याच्या घरातला आहे, आणि त्याच्या कामातून आपण काय घेतले व काय घ्यायचे विसरलो, हे मी माझ्याच एका चुकीवरून सांगणार आहे.

त्याचे नाव ह्यू हॅमंड बेनेट. जन्म १८८१ सालचा, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ॲन्सन परगण्यातला. घरी कापसाची शेती, जमीन उताराची. लहानपणी वडिलांबरोबर उतारावर आडवे बांध आखायला तो जात असे. हे कष्ट कशासाठी, असे त्याने विचारले तेव्हा जमीन वाहून जाऊ नये म्हणून, एवढेच उत्तर मिळाले, असे त्याच्याबद्दल सांगतात. पुढे शिकून तो १९०३ साली सरकारी माती तपासणीच्या खात्यात लागला.

१९०५ साली त्याला व्हर्जिनिया राज्यात लुइसा परगण्यात पाठवले. तिथल्या जमिनी पिकेनाशा झाल्या होत्या, त्याचे कारण शोधायचे होते. एका ठिकाणी त्याला दोन तुकडे शेजारी-शेजारी दिसले. उतार तोच, खालचा खडक तोच. एकावर झाडी होती, तिथली माती मऊ, भुसभुशीत, ओल धरून बसलेली, हाताने उकरता येईल अशी. दुसरा तुकडा अनेक वर्षे नांगराखाली होता. तिथे नुसती कडक चिकण, दगडासारखी. एके काळी दोन्ही एकच असणार. मग दुसऱ्याची माती गेली कुठे? घळ तर एकही नव्हती. तेव्हा त्याच्या ध्यानात आले की पावसाने दर वर्षी थोडी थोडी करून वरची साय नेली आहे.

गंमत अशी, की त्याच्याच खात्याने १९०९ साली छापून टाकले होते की माती ही कधीही न संपणारी संपत्ती आहे. वरचे साहेब असे म्हणत असताना हाताखालच्या माणसाने उलटे बोलायचे, हे सोपे नसते. मी सरकारी नोकरीत आयुष्य काढले आहे, मला ठाऊक आहे. बेनेट मात्र वीस वर्षे तेच बोलत राहिला, लिहीत राहिला, रानोरान हिंडून मोजत राहिला. १९२८ साली त्याने एका सहकाऱ्याबरोबर जमिनीची धूप म्हणजे राष्ट्रावरचे संकट, अशा अर्थाच्या मथळ्याची पुस्तिका काढली. दुसऱ्या वर्षी सरकारने धुपीच्या प्रयोगांसाठी एक लाख साठ हजार डॉलर मंजूर केले. १९३३ साली धूप थांबवण्यासाठी वेगळे खातेच निघाले आणि त्याचा प्रमुख म्हणून बेनेटला नेमले.

तोवर पश्चिमेकडच्या सपाट मैदानात भयंकर प्रकार सुरू झाला होता. तिथे पिढ्यान्‌पिढ्या गवत होते. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला, ट्रॅक्टर आले आणि लोकांनी ते गवत लाखो एकरांवर नांगरून काढले. १९३१ पासून पाऊस गेला. उघडी माती वाऱ्याने उठली. मे १९३४ मधले वादळ तर असे, की मैदानातली माती न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन शहरांवर पडली, आणि पुढे अटलांटिक समुद्रात किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर असलेल्या जहाजांवर पडली. बंधूंनो, शेतातली माती समुद्रावरच्या जहाजात! एरवी ती ओढ्यातून, नदीतून गुपचूप जाते. त्या वर्षी आभाळातून गेली म्हणून सगळ्यांना दिसली, एवढाच फरक.

१९३५ च्या वसंतात कायद्यासाठी बेनेटची कायदेमंडळाच्या समितीपुढे साक्ष होती. पश्चिमेकडून एक धुळीचे वादळ राजधानीकडे निघाले आहे, ही बातमी त्याला लागली होती. सांगतात की तो मुद्दाम लांबण लावून बोलत राहिला. एवढ्यात खिडक्यांबाहेर आभाळ अंधारून आले. समितीचे लोक उठून खिडकीशी गेले. पुढे त्याला फारसे समजावून सांगावे लागले नाही. २७ एप्रिल १९३५ रोजी मृदसंधारणाचा कायदा झाला, खाते कायमचे झाले, आणि १९५१ पर्यंत बेनेट त्याचा प्रमुख राहिला.

आता ही वादळाची गोष्ट ऐकायला चांगली आहे, पण त्याचे खरे काम तिच्यात नाही. खरे काम आहे विस्कॉन्सिन राज्यातल्या कून क्रीक नावाच्या ओढ्यावर. तिथे १९३३ साली त्याने पहिला मोठा नमुना उभा केला. डोंगराळ, दुभत्या जनावरांचा मुलूख. लोक चौकोनी वावरे करून उतारावर सरळ वर-खाली नांगरत, आणि डोंगरउतारावरच्या झाडीत गुरे सोडत. प्रत्येक मोठ्या पावसात घळी वाढत, खालच्या वावरांवर आणि रस्त्यांवर चिखल येऊन बसे.

बेनेटने तिथे एकेका शेतकऱ्याचे रान धरले नाही, सारे खोरे धरले, सुमारे ९२ हजार एकरांचे. का? पाणी सातबारा वाचत नाही! ते वरच्याच्या रानातून खालच्याच्या रानात येते, मालक कोण ते विचारत नाही. पण खोरे धरले तरी योजना मात्र शेतकऱ्यागणिक वेगळी. माणूस शेतकऱ्याच्या घरी जाई, दोघे मिळून रान पायाखाली घालत, नकाशा काढत, कुठला तुकडा नांगराखाली ठेवायचा, कुठे गवत, कुठली झाडी गुरांना बंद, हे बसून ठरवत. नांगरट आडवी, उताराच्या वळणाने. एक पट्टा धान्याचा, त्याच्याखाली एक पट्टा गवत-चाऱ्याचा, म्हणजे वरून सुटलेली माती गवतात अडकावी. शेतकऱ्याने पाच वर्षे हे पाळायचे, सरकारने बियाणे, चुना, कुंपण आणि मजूर द्यायचे, असा करार. सगळे आले नाहीत. निम्म्याच्या आसपास शेतकरी आले. पण शेजाऱ्याचा ओघळ भरून आलेला पाहून बाकीचे पुढे हळूहळू आले.

फळ काय? साठ वर्षांनंतर तिथे मोजणी झाली. १९३० च्या दशकात ओढ्याच्या काठी दर वर्षी जेवढा गाळ साठत होता, त्याच्या शेकडा दहा भागही आता साठत नव्हता. पाऊस तोच, डोंगर तेच, पिकेही बरीचशी तीच.

आणखी एक गोष्ट त्याने केली. जमिनीच्या आठ प्रती पाडल्या. पहिली प्रत म्हणजे सपाट, खोल, निर्धास्त नांगरावी अशी. आणि आठवी म्हणजे नांगर लावूच नये अशी. मधल्या प्रत्येक प्रतीला उपाय वेगळा. एकाच उपायाने सारे रान सुधारते यावर त्याचा विश्वास नव्हता. हीच आठ प्रतींची पद्धत आपल्या देशातल्या माती तपासणीतही घेतलेली आहे.

आता माझी चूक सांगतो. १९७२ च्या दुष्काळात मी नुकताच नोकरीला लागलो होतो. दुष्काळी कामावर हजारो माणसे येत होती, हातांना काम द्यायचे होते, आणि बांधबंदिस्ती हे सगळ्यांत सोयीचे काम. आपल्याकडे बांधबंदिस्ती काही नवी नव्हती. मुंबई राज्यात त्यासाठी १९४२ सालीच जमीन सुधारणा योजनांचा कायदा झालेला होता. वरून आखणी आली, मी रानात खुंट्या मारल्या, समपातळी बांध पडले. हलक्या माळरानात ते बांध उत्तम बसले, अजून काही आहेत. पण आम्ही तेच बांध खोल काळ्या रानातही घातले. एक म्हातारे बाबा होते, ते माझ्यासमोर येऊन म्हणाले, "साहेब, हे रान पाणी पीत नाही. पाणी तुंबंल. सांड कुठं काढली?" मी आराखड्यात बघितले. त्यात सांड नव्हती. मी म्हणालो, "बाबा, आराखड्यात नाही."

दुष्काळ हटल्यावर चांगला पाऊस झाला तेव्हा बांधामागे आठ-आठ दिवस पाणी उभे राहिले. बाबांची ज्वारी पिवळी पडून बसली. एका रात्री त्यांनी फावड्याने बांध फोडला. ते पाणी एकदम सुटले आणि खालच्या भावकीच्या रानात घळ पाडून गेले. दोन घरांत कोर्टकचेरी झाली, बोलणे बंद झाले ते अनेक वर्षे. बांध फोडणाऱ्याचे नाव लोक घेत. बांध चुकीचा घालणाऱ्याचे कोणी घेतले नाही. माझी तर बदलीही झाली.

काळ्या जमिनीत समपातळी बांध नव्हे, ढाळीचे बांध हवेत. म्हणजे बांधाच्या वरच्या अंगाने शंभर फुटांना तीन-चार इंच इतका हलका ढाळ द्यायचा आणि जास्तीचे पाणी गवताने मढवलेल्या चरातून, सावकाश, ओढ्याकडे न्यायचे. कमी पावसाच्या प्रदेशातल्या हलक्या-मध्यम जमिनीला समपातळी बांध ठीक, तिथे पाणी मुरते. तरी सांडवा दोन्हीकडे हवाच. हे मला पुढे कळले. बाबांना आधीच ठाऊक होते. बेनेटचा माणूस नकाशा काढायच्या आधी शेतकऱ्याबरोबर रान चालत होता. मी नकाशा घेऊन आलो होतो.

आता ह्या बेनेटसाहेबाला देव्हाऱ्यात बसवू नका. त्याच्या खात्याने धूप थांबवण्यासाठी दक्षिणेकडच्या राज्यांत कुडझू नावाचा वेल लावायला एकरी आठ डॉलरपर्यंत पैसे दिले. वेल असा माजला की झाडे, कुंपणे, पडकी घरे गिळून बसला, आणि पुढे तोच तण ठरला. आपल्याकडे वेडी बाभूळ कशी पसरली ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. दुसरे असे, की १९७० नंतरच्या काही वर्षांत तिकडे धान्याला भाव आला तेव्हा पुष्कळ शेतकऱ्यांनी बांध आणि वाऱ्याआडची झाडे काढून पुन्हा टोकापासून टोकापर्यंत नांगर घातला. भाव आला की बांध आठवत नाही, हे आपल्याकडेही चालते. १९८५ साली मग सरकारला नवा कायदा करावा लागला, की धुपणाऱ्या जमिनीची काळजी न घेणाऱ्याला सरकारी मदत मिळणार नाही.

आणि तिसरी गोष्ट समुद्राची. माती बांधाने अडते, पण पाण्यात विरघळलेले खत बांधाने अडत नाही. मिसिसिपी नदी अमेरिकेच्या मुख्य भूमीचे शंभरातले चाळीस भाग पाणी गोळा करून मेक्सिकोच्या आखातात सोडते. वरच्या मक्याच्या राज्यांतले नत्र तिच्याबरोबर येते. समुद्रात त्या खतावर शेवाळे माजते, मरते, कुजते आणि तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपवते. मासे पळतात; ज्यांना पळता येत नाही ते मरतात. १९८५ पासून उन्हाळ्यात हे मोजत आहेत. २०१७ साली तो निर्जीव पट्टा २२ हजार ७०० चौरस किलोमीटर भरला, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहूनही मोठा. तो ५ हजारांच्या आत आणायचा म्हणून ठरवून बरीच वर्षे झाली, अजून ते साधलेले नाही. ज्या शेतकऱ्याने समुद्र कधी पाहिला नाही, त्याचे पोते कोळ्याच्या जाळ्यात रिकामेपणा घालते. आणि त्या पोत्याचे पैसे त्या शेतकऱ्यानेच मोजलेले असतात, हे विसरू नका. समुद्रात गेलेले नत्र म्हणजे कणसात न आलेले नत्र.

म्हणून युरिया एकदम फेकू नका. पेरणीला थोडा, उरलेला पीक वाढीला लागल्यावर हप्त्याने, वाफसा बघून आणि मातीआड. मोठ्या पावसाची चिन्हे असतील तर दोन दिवस थांबा.

बेनेटने शेवटी कळीची गोष्ट केली ती १९३७ साली. सरकारी खात्याने काम करायचे आणि लोकांनी बघायचे, हे चालणार नाही हे त्याला पटले होते. राष्ट्राध्यक्षांनी सर्व राज्यांना एका नमुना कायद्याचा मसुदा पाठवला, त्यानुसार शेतकऱ्यांनी आपापल्या भागाचे मृदसंधारण मंडळ स्वतः स्थापायचे आणि चालवायचे. पहिले मंडळ निघाले ते ॲन्सन परगण्यात, बेनेटच्याच गावाकडे, ज्यात त्याच्या घरची जमीन होती. आज त्या देशात अशी सुमारे तीन हजार मंडळे आहेत.

आपल्याकडे मंडळाची वाट बघू नका. एका ओघळीवर ज्यांची रानं आहेत, ते पाच-सात खातेदार किती असे? त्यांनी मे महिन्यात एक दिवस काढावा आणि वरून खाली एकत्र चालत यावे. वरच्याने आधी पाणी अडवायचे, मग खालच्याने. उलटे केले तर खालचा बांध पहिल्याच पावसात जातो. पाणी कुठून कुठे सोडायचे हे तिथेच, रानात उभे राहून ठरवा आणि कागदावर लिहून सगळ्यांनी सही-अंगठा करा. भावकीत बोलणे बंद असेल तर गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्याला मधे घ्या.

पातळी काढायला यंत्र लागत नाही. दोन सारख्या, सात-सात फुटांच्या काठ्या वर बांधा, मधे एक आडवी काठी ठोका, आणि वरच्या टोकापासून दोरीला दगड लोंबता सोडा. चौकट उभी करून दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करून पुन्हा खूण करा. दोन खुणांच्या मध्यावर दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत. असे पाऊल-पाऊल चौकट चालवत न्या आणि खुंट्या मारा. एका सकाळी चार-पाच एकरांची रेघ निघते. पेरणी त्या रेघेच्या अंगाने, आडवी. बांधावर मारवेल गवत लावा, वैरणही होईल. ज्वारी-बाजरीच्या पट्ट्यांमधे मटकी किंवा कुळथाचा पट्टा टाकलात तर ती पाने मातीवर पसरून पावसाचा मार झेलतात.

एवढे करून गुण आला की नाही, हे कसे ओळखायचे? पहिल्या मोठ्या पावसाला एक काचेची बाटली घेऊन आपल्या ओघळीवर जा, वाहते पाणी भरा, बूच लावून घरात कोनाड्यात ठेवा. एक-दोन दिवसांनी तळाला किती बोटे गाळ बसला ते बघा. बाटलीवर साल लिहून ती जपून ठेवा. पुढच्या वर्षी तेवढ्याच मोठ्या पावसाची दुसरी बाटली तिच्या शेजारी. पोरांना हे काम सांगा, ती आवडीने करतील.

बाटलीतला गाळ वाढतो आहे की कमी होतो आहे, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा. पत्रात गावाचे नाव, रान हलके की भारी, आणि बांध कधी घातला ते लिहा. ढाळीच्या बांधाबद्दल कोणाला अडचण असेल तर तीही लिहा. पुढच्या वेळी तेवढ्यावरच बोलू.

राम राम.